पोरगं वाचलं, पुढं काय?

डोक्याला मार लागलेलं माणूस दवाखान्यातून घरी आलं की गाव निःश्वास टाकतं. नवस फेडले जातात, पाहुणे बघून जातात आणि विषय मिटतो. देवणीसारख्या गावातून मोठ्या दवाखान्यासाठी आधी उदगीर, मग लातूर, नाहीतर सीमेपलीकडचं बीदर गाठावं लागतं. अशा ठिकाणी जीव वाचणं हीच एवढी मोठी गोष्ट असते की पुढचं कुणी विचारत नाही. मला त्या पुढच्याविषयी लिहायचं आहे. मेंदूच्या इजेची खरी फरफट घरी आल्यावर सुरू होते आणि ती घरातल्या बायका आणि तो जखमी माणूस निमूट सोसत राहतात.

खालचा संवाद रचलेला आहे आणि त्यातला पोरगा कुणी एक नाही. मामा साठी ओलांडलेले शेतकरी, देवणी जातीची जनावरं राखणारे. भाची लातूरला फिजिओथेरपी करते. तिचे बरेचसे रुग्ण डोक्याच्या माराचे. बोलणं गोठ्याशेजारच्या ओट्यावर चाललंय.

मामा: रविवारी पोरगी बघायला जायचंय. तू बी चल. शिकलेलं माणूस संगं असलं की बरं दिसतंय.

भाची: कुणाचं जमवताय?

मामा: भावकीतल्या त्या पोराचं. मागच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीला धडकलेलं, ते. वाचंल असं कुणाला वाटत नव्हतं. आता हात-पाय धड हायेत, जेवतंय, फिरतंय. जरा तापट झालंय, एवढंच. लग्न झालं की येतंय ताळ्यावर.

भाची: जरा तापट म्हणजे नेमकं काय करतो?

मामा: परवा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं. आधी असं न्हवतं, बाप बोलला तरी मान वर करायचं न्हाई. आता पाहुण्यांदेखत तोंडाला येईल ते बोलतंय. दुकानावर बसवलं तर दुपारी झोपतंय, सुट्टे पैसे मोजताना चुकतंय. आणिक एक सांगतो. चुलीवरचं दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या आळीत वास. हे चुलीपाशीच बसलेलं, पण ह्याला पत्ता न्हाई. बापानं दोन ठेवून दिल्या. बसून खायची सवय लागली म्हणला.

भाची: मामा, त्याला वास आलाच नसेल.

मामा: एवढा करपट वास?

भाची: नाकाच्या वर, कपाळाच्या मागं एक पातळ हाड असतं, बारीक बारीक छिद्रांचं. वासाचे तंतू त्या छिद्रांतून वर मेंदूत जातात. डोकं जोरात आपटलं की मेंदू आतल्या आत सरकतो आणि ते तंतू तिथंच तुटतात. पुष्कळ जणांना आपला वास गेलाय हे महिनोन् महिने कळतही नाही. जेवणाला चव नाही म्हणतात, मीठ कमी म्हणतात. त्या ताटाचं मूळ इथंही असेल. उद्या घरात गॅस गळला तरी याला कळणार नाही, म्हणून हे आधी त्याच्या आईला सांगायला हवं.

मामा: बरं, वासाचं समजलं. पण राग? आळस? ते काय नाकातून आले?

भाची: ते कपाळामागून आले. आत्ताच व्यालेल्या गायीचा खरवस तुम्ही हातात घेतलाय. जिवंत मेंदू साधारण तसाच मऊ असतो. वजन तेराशे-चौदाशे ग्रॅम, भोवती थोडंसं पाणी आणि बाहेर कवटी. कवटी वरून गुळगुळीत दिसते, पण आतून, कपाळाच्या आणि कानशिलाच्या बाजूला, तळाला हाडाचे धारदार उंचवटे आहेत. गाडी थांबते, डोकं थांबतं, मेंदू थांबत नाही. तो पुढं जाऊन त्या हाडावर घासतो, मग उलटा मागं आदळतो. म्हणून मार मागून लागला तरी इजा पुढच्या भागाला झालेली सापडते. आणि राग आवरणं, वेळ-काळ बघून बोलणं, एक काम धरून शेवटाला नेणं, आपण होऊन उठून कामाला लागणं, हे सगळं त्या पुढच्या भागाचं काम.

मामा: पण दुसऱ्यांदा फोटो काढला तवा डॉक्टरच म्हणाले, सगळं ठीक हाय.

भाची: सिटी स्कॅनमध्ये साकळलेलं रक्त दिसतं, तुटलेलं हाड दिसतं, सूज दिसते. डोकं गरकन फिरल्यावर मेंदूतले लांबलांब तंतू ताणून तुटतात, ते बहुतेक वेळा त्यात दिसत नाहीत. डॉक्टर ठीक म्हणाले म्हणजे आता ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नाही. घरच्यांना मात्र ते ‘पोरगं पहिल्यासारखं झालं’ असं ऐकू जातं.

मामा: म्हणजे तू म्हणायलीस, स्वभाव बदलला तो मारानं? स्वभाव काय गाडीचा आरसा हाय, धडकला की वाकडा व्हायला?

भाची: हे फार जुनं माहीत असलेलं आहे. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनियस गेज नावाचा मुकादम होता. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि लोखंडाची पहार गालातून शिरून कपाळाच्या वरून बाहेर पडली. माणूस जगला. चालत होता, बोलत होता. पण त्याच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय की शहाणा, भरवशाचा मुकादम शिवराळ आणि चंचल झाला. कंपनीनं त्याला परत मुकादम केलं नाही. त्यातलीही पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नंतर तो चिली देशात बरीच वर्षं घोडागाडी हाकत होता. रोज तोच रस्ता, त्याच वेळा, तीच कामं. ठरलेल्या कामानं त्याला बरंच सावरलं असावं, असं अलीकडचे अभ्यासक म्हणतात.

मामा: आता माझं ऐक. तू म्हणायलीस ते खरं धरलं, तर मला त्याचीच भीती वाटायलीय. उद्या त्यानं बायकोवर हात उचलला तर म्हणायचं, ‘मी न्हाई मारलं, मेंदूनं मारलं’? आमच्याकडं दारू पिऊन मारणारे बी हेच म्हणतेत. बाईच्या पाठीवर वळ तर तसाच उठतो की! माणसाला जबाबदारीतून मोकळं केलं की ते सुधरत न्हाई. त्याच्या बापाचं चुकलं असंल मारायचं, पण ‘तुझा काही दोष न्हाई’ म्हणून कुरवाळणं बी मला पटत न्हाई.

इथं मला मधे बोलावंसं वाटतं. मामांचा हा मुद्दा जुन्या वळणाचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. मेंदूच्या इजेवरचं लिखाण बहुतेक रुग्णाच्या बाजूनं असतं आणि असायलाही हवं. पण ताट ज्या बाईच्या अंगावरून जातं, तिची बाजू कुणीतरी मांडायला हवी, आणि ती मामांनी मांडली.

भाची: कुरवाळा असं मी म्हणतच नाही. मार खाऊन घ्या असंही कुणा बाईला सांगणार नाही. कारण कळलं तर उपाय करता येतो, एवढंच माझं म्हणणं. त्याचा राग कधी चढतो ते तुम्ही बघितलंय? थकल्यावर, चार माणसं एकदम बोलायला लागल्यावर, लग्नाच्या वरातीत डीजे वाजताना. अशा मेंदूला गोंगाट सोसत नाही. मग त्याला आधी विश्रांती द्या, एका वेळी एकच काम सांगा, कामं रोज त्याच क्रमानं ठेवा, मोबाइलात गजर लावून द्या. राग येतोय असं वाटलं की उठून गोठ्यात जायचं, हे त्यानं आणि घरच्यांनी मिळून आधी ठरवायचं. दुपारी झोपतो तो आळस नाही, त्याला ती झोप लागतेच. पण उठल्यावर काम ठरलेलं पाहिजे. दारू बंद म्हणजे बंद. जबाबदारी काढून घ्यायची नाही, त्याला पेलेल एवढी करून द्यायची.

मामा: आणि किती दिवस?

भाची: पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भराभर होते, दोन वर्षांपर्यंत दिसत राहते, पुढंही सावकाश होते. अजून वर्षही झालेलं नाही, आणि तुम्ही त्याला बोहल्यावर चढवायला निघालात.

मामा: फिट येत्यात, तेबी सांगून टाकतो. दोनदा आली. चप्पल हुंगवली, कांदा फोडून धरला.

भाची: गोळ्या चालू आहेत?

मामा: बरं वाटल्यावर बंद केल्या.

भाची: बंद केल्या म्हणूनच आली असेल. मेंदूवरचा व्रण फिटेचं मूळ होतो, कधीकधी मार लागून वर्ष लोटल्यावरही. गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. फिट आली की कुशीवर वळवायचं, भोवतीच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली त्याच्या हातात द्यायची नाही. विहिरीत पोहायला नाही, माळवदावर झोपायला नाही.

मामा: गाडीचं काढलंस म्हणून बोलतो. सगळा दोष पोरांच्या माथी मारू नको. त्या ट्रॉलीला पाठीमागं रेडियम न्हवतं, दिवा न्हवता, रस्त्यात पंक्चर होऊन उभी. हेल्मेट घाला म्हणून सांगणारे ट्रॉलीवाल्याला का सांगत न्हाईत? गतिरोधक रातोरात उभा करतेत, त्याला पांढरा पट्टा नसतो. पुण्याची शिकलेली माणसं हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती काढतेत. २०१६ ला मंत्री म्हणाले हेल्मेट न्हाई तर पेट्रोल न्हाई, तेबी मागं घ्यावं लागलं. मग देवणीच्या पोरानंच कामून घालावं?

भाची: ट्रॉलीचं तुमचं शंभर टक्के खरं. कारखान्यानं रेडियम लावल्याशिवाय गाडी काट्यावर घेऊ नये, एवढं केलं तरी किती घरं वाचतील. पण ट्रॉली सुधारेपर्यंत पोराचं डोकं उघडंच ठेवायचं का? कायदा १९८८ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित अशी तरतूद झाली. कायदा सोडा. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हेल्मेटनं डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मरणाचा ४२ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यातले १४,३३७ मागं बसलेले होते.

मामा: मागं बसलेले?

भाची: मागं बहुतेक बाई असते, मामा. एका बाजूला पाय टाकून बसलेली, एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात पिशवी. धरायला हातच नाही. गाडी न दिसणाऱ्या गतिरोधकावरून उडते, चालवणारा तोल सांभाळतो आणि ती मागच्या मागं डांबरावर डोक्यावर पडते. गाडीचा वेग फार नसतोही. पदर चाकात गुंतला तरी तेच. हेल्मेट घरात एकच असतं, आणि असलं तर ते हँडलला लटकलेलं. हेल्मेट म्हटलं की सगळे चालवणाऱ्याचंच बोलतात, मागच्या बाईचं नाव कुणी काढत नाही.

मामा: आमच्या वक्ताला गावसकर बिगर हेल्मेटचा खेळला की वेस्ट इंडीजपुढं.

भाची: पुढं गावसकरांनीही टोपीखाली कानशिलं झाकणारं कवच घातलं. नरी कॉन्ट्रॅक्टर माहीत आहेत? १९६२, बार्बाडोस. भारताचे कप्तान. चार्ली ग्रिफिथचा चेंडू कानाच्या वर लागला, कवटी फुटली, आत रक्तस्राव झाला. लागोपाठ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल पुढं आला, आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर. कॉन्ट्रॅक्टर वाचले, डोक्यात धातूची पट्टी घेऊन जगले. ती पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये काढली. पण कसोटी सामना ते पुन्हा खेळले नाहीत. अठ्ठावीस वर्षांचा कप्तान, एका चेंडूनं.

मामा: त्यांचं नशीब बलवत्तर, दवाखाना जवळ होता. आमच्या पोराला आम्ही चौघांनी हात-पाय धरून जीपमधी टाकलं. डोळे उघडंना म्हणून पाणी पाजलं. दुसरं काय करणार?

भाची: पाणी छातीत जातं. शुद्ध नसलेल्या माणसाला चमचाभर सुद्धा द्यायचं नाही. मानेचा मणका मोडलेला असू शकतो, म्हणून डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून, सगळ्यांनी एकदम, फळीवर नाहीतर दाराच्या पल्ल्यावर उचलायचं. उलटी होत असेल तर तसंच सगळं अंग एका रेषेत कुशीवर वळवायचं. श्वास मोकळा राहिला पाहिजे. कारण पहिल्या माराइतकंच नुकसान नंतर होतं, प्राणवायू कमी पडल्यानं आणि रक्तदाब उतरल्यानं. १०८ ला फोन आधी. पोलिसांचं लचांड मागं लागेल म्हणून लोक हात लावत नाहीत, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून अपघाताच्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत बिनपैशाच्या उपचाराची केंद्राची योजनाही आहे, नेमलेल्या दवाखान्यांत. हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

आणि मार लागून उठून बसलेल्या माणसाला ‘काही झालं नाही’ म्हणून घरी झोपवू नका. कानशिलाजवळची धमनी फुटली तर माणूस तासभर चांगला बोलतो, चहा पितो आणि मग एकदम बेशुद्ध पडतो. डोकं जास्त जास्त दुखायला लागलं, उलट्या झाल्या, बोलणं असंबद्ध झालं, एक बाहुली मोठी दिसली, की लगेच निघायचं.

मामा: थोरल्या काकूला न्हाणीत पाय घसरून टेंगूळ आलतं, पावसाळ्यात. बोलत-चालत होती. आता महिना झाला, तर माणसं ओळखंना, एक पाय ओढती. वय झालं म्हणून सोडून दिलंय.

भाची: मामा, तिला उद्याच्या उद्या लातूरला आणा. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि साध्या पडण्यानं फुटतात. रक्त थेंबाथेंबानं, आठवडेच्या आठवडे साचत जातं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आणखीनच. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला. तेच असेल तर कवटीला छोटं भोक पाडून ते रक्त काढता येतं, आणि म्हातारी माणसं पुन्हा नातवंडांची नावं सांगायला लागलेली आहेत.

मामा: एवढं सोपं?

भाची: सगळ्यांचं सोपं नसतं. पण वय झालं म्हणून न बघता सोडणं, हे मला सहन होत नाही.

मामा: (बऱ्याच वेळानं) किल्लारीच्या भूकंपाच्या वक्ताला मी मदतीला गेलो होतो. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती बोळवून माणसं झोपलेली, आणि हात-हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती अंगावर. हजारोंनी गेली. डोक्याला पट्ट्या बांधलेली कितीतरी माणसं बघितली. मेलेल्यांची गणती झाली, घरं बांधून मिळाली. पण ती पट्टीवाली माणसं पुढं तापट झाली, विसराळू झाली, घरातून उठली, तर त्यांना लोक म्हणाले, धसका घेतला. तू सांगायलीस ते ऐकून आता वाटायलंय, त्यातल्या किती जणांचा धसका न्हवता, मार होता.

भाची: दोन्ही असेल. आणि अजूनही ती मोजणी नीट नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यात डोक्याच्या मारानं झालेली मेंदूची इजा वेगळी म्हणून नाही. पाय लुळा पडला तर अस्थिव्यंगात बसवतात. स्मरण गेलं, आवर गेला, एका जागी चित्त लागत नाही, अशा धडधाकट दिसणाऱ्या माणसाला प्रमाणपत्र कशाखाली मागायचं, हेच घरच्यांना कळत नाही. हा प्रकार यादीत यायला हवा. मी तर म्हणते, दवाखान्यातून सोडताना घरच्यांना मराठीत एक कागद मिळायला हवा: वास जाईल, राग येईल, विसर पडेल, फिट येऊ शकते, अमुक दिवशी परत या. तो कागद मिळाला असता तर त्या पोरानं बापाचा मार खाल्ला नसता.

मामा: मग लग्न कधीच करायचं न्हाई का? ते बी अन्यायच की. पोरगं एकटं पडंल. आई-बाप काय जन्माला पुरतेत?

भाची: कधीच नाही असं कोण म्हणतंय? अशी माणसं संसार करतात, कामं करतात. पण आत्ता नाही, आणि लपवून तर नाहीच. त्या मुलीला कळू न देता तिच्या गळ्यात ही देखभाल बांधायची, हा तिचा घात आहे. तुम्हीच मघाशी बायकोच्या पाठीवरच्या वळाचं बोललात.

मामा: सांगितलं तर कोण देईल पोरगी?

भाची: कदाचित कुणी देणार नाही. कदाचित सगळं समजून कुणी हो म्हणेल. ठरवणं तिच्या हातात राहू द्या.

मामा: हे मला अजून बी जड जायलंय. आमच्याकडं अर्धी लग्नं काहीतरी झाकूनच होतेत. आणि लग्नानं माणूस सुधरलेलं मी डोळ्यानं बघितलंय.

भाची: जखमेनं बिघडलेलं लग्नानं सुधारलेलं मी पाहिलं नाही. मोडलेली लग्नं पाहिलीत, आणि माहेरी परत आलेल्या पोरी पाहिल्यात.

मामा: बरं. रविवारचं बघणं मी पुढं ढकलतो, बापाला सांगायचं माझ्याकडं लागलं. काकूची गाडी बी सकाळी ठरवतो. पण पोराचं हे सगळं त्याच्या आईबापाला तूच येऊन समजावून सांग. माझ्या तोंडून त्यांना पटायचं न्हाई.

भाची: येते. पण तो समोर बसलेला पाहिजे. त्याच्या माघारी त्याच्याविषयी बोलणार नाही. करपलेल्या दुधाचं काय झालं होतं, हे त्याला अजून कुणी विचारलंच नाहीये.